गिटारची जिल्हई

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गच्चीवरच्या खोलीत एक गिटार पांढरी पडली. झालं असं, की सागवानावर मी एनसी लॅकरचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पारदर्शक रंगाचा, दुसरा हात मारला, स्प्रेगन धुवायला मोरीत गेलो आणि पाच मिनिटांनी येऊन पाहतो तर लाकडावर दुधावर साय धरावी तसा पडदा आलेला. खालच्या रेषा दिसेनाशा झालेल्या. पुतणी शेजारीच उभी होती. "काका, हे असंच असतं का?" तिने विचारलं. मी एकतीस वर्षं पिंपरी-चिंचवडच्या एका मोटार कारखान्यात पेंट शॉपमध्ये काढलेला माणूस. त्या प्रश्नाला 'हो' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणायची लाज वाटली.

याचं कारण साधं आहे. रंग पातळ करायला जो थिनर घालतात तो भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो. तळहातावर स्पिरिट ओतलं की गार लागतं, तेच हे. पुण्यात जुलैत हवा ओलीचिंब असते. लाकडावरचा ओला थर काही अंशांनी थंड झाला, की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसं त्याच्यावर दव धरतं. ते पाणी रंगात शिरतं आणि रंग आतल्या आत फाटतो. या दोषाला इंग्रजीत 'ब्लश' म्हणतात, म्हणजे लाजून लाल होणं. इथे लाल मी झालो आणि गिटार पांढरी झाली. कारखान्यातल्या रंगाच्या बूथमध्ये हवेचं तापमान आणि दमटपणा दोन्ही यंत्रं सांभाळतात. एकतीस वर्षं त्या हवेत काढल्यावर बाहेर पाऊस पडतो हेच मी विसरलो होतो.

नायट्रोसेल्युलोजचा एक गुण असा, की ते सुकल्यावरही स्वतःच्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळतं. त्यामुळे फडक्याने पुसून सगळा थर काढता आला आणि दोन दिवसांत लाकूड पहिल्यासारखं उघडं झालं. पण आता पावसाळा संपेपर्यंत थांबणं भाग होतं. त्या तीन महिन्यांत वाद्यांवरच्या रंगाविषयी जे वाचलं, मिरजेला जाऊन पाहिलं आणि नाना पेठेत ऐकलं, ते इथे मांडतो आहे. मी संगीतातला जाणकार नाही. रंगातला आहे, असा माझा समज होता.

आधी गिटारविषयी. नारायण पेठेतला आमचा वाडा पाडला तेव्हा एक तुळई मी मागून घेतली होती. सागवानाची, शंभर वर्षांहून जुनी, धुराने काळी झालेली. पुतणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मित्रमैत्रिणींबरोबर एका बँडमध्ये वाजवते. तिला इलेक्ट्रिक गिटार घरी करायची होती. मान तयार विकत आणली. ती घरी करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, कारण पडद्यांच्या अंतरात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी वाद्य बेसूर होतं. धड मात्र तुळईतून काढायचं ठरलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका सॉ मिलवाल्याने तुळई चिरून दिली. त्याआधी तिच्यातले सगळे खिळे मी काढले होते, तरी एक राहिलाच. तो करवतीला लागला तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही.

सागवान गिटारला तसं सोयीचं लाकूड नव्हे. ते जड असतं. नेहमीच्या आकाराचं, पाऊणेदोन इंच जाडीचं भरीव धड सागाचं केलं तर एकट्या धडाचंच वजन तीन किलोच्या आसपास जातं आणि दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा भरून येतो. म्हणून धड आतून दोन ठिकाणी पोकळ केलं आणि वर शिवणीच्या लाकडाची सहा मिलिमीटरची फळी चिकटवली. शिवण हलकी, फिकट पिवळसर. परिणाम असा झाला, की मागून पाहिलं तर काळपट तांबूस साग, त्यात खिळ्यांच्या भोकांभोवती लोखंडाने पडलेले निळसर काळे डाग, आणि पुढून पाहिलं तर रेशन दुकानातल्या खोक्यासारखं निर्विकार पांढरं लाकूड.

इथे आमचं भांडण जुंपलं. माझं म्हणणं, लाकूड दिसलं पाहिजे. ज्या तुळईखाली आपल्या चार पिढ्या झोपल्या तिच्यावर रंग कसला फासायचा? पुतणीचं म्हणणं, इलेक्ट्रिक गिटार म्हणजे देवघर नव्हे, तिला रंग हवा, तोही पक्का, गाडीसारखा. "तुम्हीच आयुष्यभर गाड्या रंगवल्या ना?" असं ती म्हणाली. यावर उत्तर नव्हतं.

वाद वाढला की माणूस शास्त्राकडे धावतो. मी पहिला प्रश्न हा घेतला, की रंगाने आवाजात फरक पडतो का. तंबोऱ्यात नक्की पडतो. तंबोऱ्याची तबली पातळ असते. तारेचं कंपन घोडीवाटे तबलीत उतरतं, तबली हलते आणि भोपळ्यातली हवा घुमते. त्या तबलीवर जाड, चिवट रंगाचा थर चढवला तर पापडाला लोणी फासल्यासारखं होईल. व्हायोलिनचंही तेच. स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनवरचा रंग हे त्याच्या आवाजाचं रहस्य असावं, असं फार काळ मानलं जात होतं. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या त्याच्या पाच वाद्यांवरच्या रंगाचं पृथक्करण २००९ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा हाती काय लागलं? तेल, पाइनची राळ आणि थोडी लाल रंगद्रव्यं. म्हणजे त्या काळच्या चित्रकारांच्या फळीवर जे असायचं तेच.

इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी आहे. तिचं धड आवाज घुमवत नाही. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी असतात, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते आणि ती अँप्लिफायरमध्ये जाते. पिकअप तारेकडे बघतो, लाकडाकडे नाही. वर रंग पातळ आहे की जाड, याने लाउडस्पीकरमधून येणाऱ्या आवाजात कानाला कळेलसा फरक पडतो, असं मला पटलेलं नाही. गिटारवाले यावर रात्र रात्र वाद घालतात. घालोत बापडे.

मग या वाद्याला रंग कशासाठी? तर घामासाठी. वाजवणाऱ्याचा उजवा दंड तासन् तास धडाच्या कडेवर टेकलेला असतो, पोट मागे चिकटलेलं असतं. घामातलं मीठ आणि पाणी उघड्या लाकडात शिरतं, लाकूड फुगतं, आकसतं, काळं पडतं. आणि दुसरं कारण डोळ्यासाठी. पण डोळ्याला काय आवडावं हे कोण ठरवतं, या प्रश्नाने मला मिरजेला नेलं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाणाऱ्याला पहिली दिसतात ती भोपळ्यांची रास. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूने हे भोपळे येतात. कापून, वाळवून, आतून साफ करून ठेवलेले. मग लाकूड, मग कोरीवकाम, आणि गल्लीच्या एखाद्या टोकाला नाकात शिरणारा स्पिरिटचा वास. तिथे पॉलिश चालू असतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातम्यांत या धंद्याचा इतिहास पुन्हा छापून आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला संस्थानाच्या आश्रयाने फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. त्यांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे शस्त्रं घासूनपुसून धार लावणाऱ्यांचं. संस्थानी सैन्यांचे दिवस संपत आले आणि तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा हात दुसरीकडे वळले, असं सांगतात.

इथवर बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. मला अडवलं ते 'शिकलगार' या शब्दाने. मूळ फारसी शब्द 'सैकलगर', आणि 'सैकल' म्हणजे घासून आणलेली चकाकी. ज्याला आपण जिल्हई म्हणतो ती. शिकलगार म्हणजे जिल्हई देणारा. धार लावणं हे त्याचं अर्धं काम, दुसरं अर्धं पात्यावर पाणी चढवणं. पृष्ठभागावर सारखा दाब देत, न थांबता हात फिरवत राहण्याची सवय ज्याच्या पिढ्यांत होती, त्याच्याकडे लाखेचं पॉलिश शिकायला काही अवघड नव्हतं. तलवारीवरचा हात तंबोऱ्यावर आला.

लाखेचं पॉलिश मी तिथे दोन दिवस बसून पाहिलं आणि घरी येऊन दोन महिने नासलं, तेव्हा कुठे जमू लागलं. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीकसा किडा राहतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ते कवच म्हणजे लाख. ती धुऊन, वितळवून, ताणून पातळ पापुद्रे करतात, त्याला चपडा म्हणतात. आजही देशातली सर्वाधिक लाख झारखंडात होते, आणि रांचीजवळच्या नामकुमला १९२४ साली तिच्यावर संशोधन करणारी संस्था निघाली. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायचा, मी लिटरला दोनशे ग्रॅम घेतला. सकाळी मधाच्या रंगाचं पाणी तयार होतं. लाखेत चार-पाच टक्के मेण असतं, ते तळाशी बसू द्यायचं आणि वरचं स्वच्छ पाणी निथळून घ्यायचं. हे मेण राहिलं तर पुढे त्यावर दुसरा कुठला रंग धरत नाही.

मग बोळा. आत कापूस, बाहेर जुन्या धोतराचा मऊ तुकडा. नवं कापड चालत नाही, त्याचे तंतू सुटतात. बोळ्यात लाख भरायची, तळव्यावर दाबून जादा पिळून टाकायची, बोटाने तेलाचा एकच थेंब लावायचा आणि फिरवायला लागायचं. आधी गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, मग सरळ. बोळा वरून खाली टेकवायचा नाही, विमान उतरतं तसा तिरका आणायचा आणि तसाच उचलायचा. मध्ये क्षणभर थांबलात तर खालचा थर विरघळून बोळ्याला चिकटतो आणि कापडाची जाळी लाकडावर उमटते. मिरजेतल्या वयस्कर कारागिराने मला एवढंच सांगितलं, "फोन वाजला तर वाजू द्या." शेवटी नुसत्या स्पिरिटच्या किंचित ओल्या बोळ्याने वर आलेलं तेल काढून घ्यायचं, की आरसा होतो.

सागवानाची एक खोड इथे उपयोगी पडली. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे त्याला वाळवी लागत नाही, पण त्याच तेलामुळे काही रंग त्याच्यावर नीट धरत नाहीत किंवा चिकट राहतात. म्हणून आधी थिनरने पुसून घ्यावं लागतं. लाख मात्र सागाशी भांडत नाही. सागाच्या उघड्या रंध्रांत आधी चॉक पावडर, पिवडी आणि थोडा गेरू कालवून केलेली लांबी भरली, काचकागदाने घासली, आणि वर लाख चढवली. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, रोज सकाळी अर्धा तास, नवरात्रापासून सुरुवात करून. पांढरं पडायचं नाव नाही.

लाखेचा गाण्याशी आणखी एक संबंध आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेत खनिजाची भुकटी मिसळून केलेल्या असत. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, तिथेच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्यामागे वाजणाऱ्या तंबोऱ्यांवर लाख, आणि त्यांचा आवाज ज्यात कोरला गेला त्या तबकडीतही लाख. आईकडे अशा काही तबकड्या होत्या, वाड्यातून निघताना त्याही फुटल्या. लाख फुटते तेव्हा काचेसारखी फुटते.

शिकलगारांच्या गोष्टीनंतर मी इतर वाद्यांवरचे रंग त्याच दृष्टीने पाहू लागलो, आणि मला असं दिसलं, की वाद्यावरचा रंग हा बहुधा वाद्यवाल्याचा नसतोच. तो शेजारच्या धंद्यातून आलेला असतो. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेन गावात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हायोलिनवाल्यांच्या संघाने तक्रार केली, की हे कपाटं करणारे सुतार गिटारी करतात, त्यांना बंदी घाला. त्या सुतारांच्या बाजूचा एक, ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन, या कटकटीला कंटाळून १८३३ साली न्यूयॉर्कला गेला. आज जगभर ज्यांचं नाव घेतात त्या मार्टिन गिटारी त्याच्याच. स्पेनमधला अँतोनियो दे तोरेस, ज्याने आजच्या गिटारचा आकार ठरवला, तोही मुळात सुतार. गिटारवर लाखेचं पॉलिश आलं ते फर्निचरवरून.

आणि इलेक्ट्रिक गिटारवर रंग आला तो मोटारीवरून. हे कळलं तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होतं. नायट्रोजनचं प्रमाण जास्त ठेवलं तर बंदुकीची बिनधुराची दारू, कमी ठेवलं तर रंग. पहिल्या महायुद्धानंतर दारूची मागणी घटली आणि १९२३ साली अमेरिकेत ड्युपाँटने 'ड्युको' नावाचा मोटारींसाठीचा रंग आणला. तोवर मोटारीला तेलाचे रंग देत, त्यांचे थर सुकायला आठवडेच्या आठवडे जात. ड्युको काही तासांत सुकायचा. कॅलिफोर्नियातला लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने १९५० साली भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार कारखान्यात करून विकायला काढली. तिच्या धडाला कोरीवकाम नाही, फुगवटा नाही, सपाट फळी. पुढे गिऱ्हाइकांना रंगीत गिटारी हव्याशा झाल्या तेव्हा फेंडरने मोटारींचेच रंग घेतले. 'फिएस्टा रेड' हा १९५६च्या फोर्ड थंडरबर्डचा लाल, 'लेक प्लॅसिड ब्लू' हा कॅडिलॅकचा निळा. ज्या फळीला लोक पुढे आधुनिक कला म्हणू लागले, ती रंगाच्या दृष्टीने मोटारीचं दार होती.

घरी केलेल्या गिटारींत सर्वांत नावाजलेली आहे ब्रायन मेची. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली ती करायला घेतली. मानेचं महोगनी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतलं, मानेवरच्या खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. याच ब्रायन मेच्या 'क्वीन'मध्ये गाणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बल्सारा, शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे त्याने मुलांचा एक बँडही काढला होता. पुतणीला हे माझ्याआधी ठाऊक होतं.

तर तडजोड अशी झाली. मागची बाजू माझी, पुढची तिची. मागे साग, लाख आणि खिळ्यांची भोकं जशीच्या तशी. पुढे शिवणीवर रंग. कुठला रंग, यावर मला वाटलं ती काळा किंवा कवट्या-ज्वाळा असलं काही सांगेल. ती म्हणाली, एसटीचा लाल.

नाना पेठेत गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा एक जुना ओळखीचा कारागीर आहे. त्याच्याकडे धड घेऊन गेलो. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, डेंट कुठंय याला?" मग हकिकत ऐकल्यावर गंभीर झाला. एसटीचा लाल म्हटल्यावर म्हणाला, "कुठला? डेपोतनं नवा निघालेला, का उन्हात विटलेला?" पुतणी म्हणाली, "विटलेला." त्याने शेडकार्ड उघडलं नाही. लालमध्ये किंचित पांढरा, थेंबभर पिवळा, चिमूटभर काळा घालत, पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात धरत पाच वेळा बदलला. सहाव्यांदा मला खरोखर स्वारगेटचा फलाट आठवला.

आता गॅरेजमध्ये नायट्रोसेल्युलोज कोणी फारसं वापरत नाही. 'टू-के' म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन वापरतात. रंगात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया सुरू होते आणि थर एकदा पक्का झाला की तो कुठल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळत नाही. लाख आणि नायट्रोसेल्युलोज यांच्यापेक्षा हा अगदी उलट्या स्वभावाचा. घाम, स्पिरिट, उन्हाळा यांची त्याला पर्वा नाही, पण दुरुस्ती करायची तर खरवडूनच काढावा लागतो. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ छातीत गेली तर कायमचा दमा लागू शकतो. रुमाल बांधून भागत नाही, योग्य गाळणीचा मास्क लागतो. घरी गिटार करू पाहणाऱ्या तरुणांनी एवढं तरी ऐकावं. स्प्रेच्या डब्यातला साधा रंग चालेल, टू-के खोलीत मारू नये.

दुसरं, जाडी. मोटारीवरचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरतात, म्हणजे दीड-दोन केसांइतके. स्वस्त गिटारींवर याच्या कितीतरी पट जाड प्लास्टिकसारखा थर असतो, त्याखाली लाकडाचे दोष झाकले जातात. आमच्या कारागिराने अस्तर, रंगाचे दोन हात आणि वर क्लिअरचे दोन हात एवढ्यावर हात आवरला. आठवडाभराने मी ते हजार, पंधराशे आणि दोन हजार नंबरच्या कागदाने पाण्यात घासलं आणि रबिंग कंपाउंडने चमक आणली. कडेला जास्त घासलं तर रंग उडून खालचं अस्तर दिसतं, म्हणून कडेकडे तळहात नाही, फक्त बोटं.

कड मात्र उघडी राहिली होती. मागचा साग आणि पुढची शिवण यांच्यामधली चिकटवलेली सांध, आणि लाल रंगाची संपण्याची रेघ. गिटारवाले अशा जागी चर काढून पांढरी पट्टी बसवतात. ती शोभेची वाटते, पण मुळात सांध झाकायला आणि कडेचे टवके उडू नयेत म्हणून असते. जुन्या गिटारींवर ही पट्टी सेल्युलॉइडची. सेल्युलॉइड म्हणजे पुन्हा तेच, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. १८७०च्या सुमाराला अमेरिकेत बिलियर्डचे हस्तिदंती चेंडू महागले म्हणून ते शोधलं गेलं. पुढे त्याचे कंगवे झाले, सिनेमाच्या फिती झाल्या, टेबल टेनिसचे चेंडू झाले, जे थेट २०१४पर्यंत त्याचेच होते. आणि मिरजेत हस्तिदंताच्या जागी सतारी-तंबोऱ्यांच्या दांडीच्या दोन्ही कडांना, भोपळ्याच्या गळ्याशी, नक्षी कोरून रेषांत रंग भरलेल्या त्याच्याच पट्ट्या बसू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या मोटारीच्या रंगाचं आणि मिरजेच्या तंबोऱ्यावरच्या नक्षीचं मूळ द्रव्य एकच आहे, हे मला साठीनंतर कळलं.

आमच्याकडे एक तंबोरा होता. आईचा. वाडा सोडताना सामान हलवताना त्याचा भोपळा फुटला. भोपळा बदलता येतो, मिरजेत विचारून आलो होतो. पण तिथल्या कारागिराने दांडीवर डोळा लावून पाहिलं आणि मान हलवली. दांडीला पीळ पडला होता, तबलीलाही चीर गेली होती. "माझं ऐकाल तर नवा घ्या," तो म्हणाला. आई चौऱ्याऐंशीची. नवा नको म्हणाली. तो तसाच माळ्यावर होता, दांडीच्या पांढऱ्या पट्ट्या जुन्या दातांसारख्या पिवळ्या पडलेल्या.

मी भीत भीत विषय काढला. धाकटा भाऊ, पुतणीचा बाप, भडकलाच. "आईच्या तंबोऱ्याची सालं काढून त्या ढणढणाटाला लावणार?" असं म्हणून तो जेवणावरून उठला. दोन दिवस घरात कोणी बोललं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर त्याचं मला चूक वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आईनेच विचारलं, "त्या गिटारला जवारी असते का गं?" प्रश्न पुतणीला होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित बाकदार पाठीवर घासत थरथरते, खाली दोरा सरकवला की ती नेमक्या जागी घासते आणि एका सुरातून वरचे कितीतरी सूर फुलतात. ती जवारी. इलेक्ट्रिक गिटारची घोडी टोकदार, तिथे तार घासत नाही. पण अँप्लिफायरला पेलणार नाही इतका आवाज कोंबला, की लहरीची टोकं छाटली जातात आणि त्यातूनही वरचे सूर फुटतात. याला डिस्टॉर्शन म्हणतात, पायाखालच्या एका छोट्या डबीने ते करता येतं. वाट वेगळी, पण मागतात दोघंही तेच, की एक तार छेडावी आणि बरंच काही ऐकू यावं. मी हे आईला जमेल तसं सांगितलं. "मग काढा पट्ट्या," ती म्हणाली. "नाहीतरी मी गेल्यावर रद्दीवाल्यालाच देणार आहात."

जुनं सेल्युलॉइड ठिसूळ होतं आणि ठिणगी लागली तर भडकतं, म्हणून ज्योत जवळ आणायची नाही. पट्ट्या गरम पाण्यात बुडवून मऊ केल्या आणि पातळ सुरीने, एका दुपारी वीतभर अशा, सोडवल्या. दोन जागी तुटल्या. धडाच्या कडेने राउटरने चर काढला. चिकटवायला बाजारातला डिंक लागला नाही. तुटके तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये टाकले, ते विरघळून दाट पाक झाला, तोच पाक चरात घालून पट्टी बसवली आणि रात्रभर सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून ठेवली. अ‍ॅसिटोनचा थेंब लाखेवर पडला असता तर तिथली लाख गेली असती. मागची पॉलिश केलेली बाजू आधी टेपने झाकली होती, तरी एक पडलाच, मागच्या बाजूला, खालच्या खिळ्याच्या भोकाजवळ. तिथे पुन्हा बोळा फिरवला. लाखेचं हे बरं आहे, नवा थर जुन्यात विरघळून एक होतो, ठिगळ दिसत नाही. नक्षीतल्या वेलीची पानं गिटारच्या वळणावर ताणली गेली आहेत, एके ठिकाणी पान मध्येच संपतं. ते तसंच ठेवलं.

तपकीर गल्लीतून वायर आणि जॅक आणले, पुतणीने स्वतः डाग दिले. वसुबारसेच्या संध्याकाळी गिटार पहिल्यांदा वाजली. भाऊ दारात उभा होता, आत आला नाही, पण गेलाही नाही. आईला खुर्चीवर आणून बसवलं. पुतणीने आधी साधी तार छेडली, मग पायाने डबी दाबली आणि तीच तार पुन्हा छेडली. खिडकीच्या काचा हलल्या. आईने डोळे मिटले, मान एका बाजूला केली आणि सूर विरेपर्यंत ऐकलं.

"जवारी फार खुली लागलीय," ती म्हणाली. "थोडी बंद कर."

पुतणीने खाली वाकून डबीवरचं बटण दोन रेघा मागे फिरवलं.